उकिरड्याचे चित्र



वैशाखात आमच्या घरातून दोन गोष्टी बाहेर निघतात. एक परड्यातला उकिरडा आणि दुसरी पोरांच्या वह्या. परीक्षा आटोपली की पोरे वह्यांचा गठ्ठा कोनाड्यात फेकतात, आणि त्याच आठवड्यात मालक ट्रॅक्टरवाल्याला बोलावून उकिरडा उपसायला लावतात. एक गोष्ट रद्दीवाल्याच्या तराजूत जाते, दुसरी रानात. वर्षानुवर्षे हे असेच चालले होते आणि त्यात काही चुकते आहे असे कुणाला वाटले नव्हते. मला तरी कुठे वाटले होते? या घरात येऊन मला चाळीस वर्षे झाली. शेणाची पाटी डोक्यावर घ्यायची, परड्यात नेऊन ओतायची, वर चुलीची राख, खरकटे, गोठ्यातली झाडलोट. सासूबाईंनी दाखवले तसे मी केले, मी दाखवले तसे सूनबाई करते.

गेल्या वर्षी वैशाखात विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत आल्याची लागण करायची ठरली. आले म्हणजे पैसा गिळणारे पीक. बेण्याला पैसा, गादीवाफ्यांना पैसा, ठिबकला पैसा. म्हणून मालकांनी सांगितले, उकिरडा सगळा तिथेच टाका, रान तुपात भिजल्यासारखे झाले पाहिजे. ट्रॉल्या भरून खत गेले. उकिरड्याच्या तळाशी अजून ओले शेण होते, गोवऱ्यांएवढी ढेकळे होती, पण खत ते खत असे म्हणून आम्ही ते पसरले.

भाद्रपदात आल्याची पाने पिवळी पडू लागली. आधी एका वाफ्यात, मग सरसकट ठिगळे दिसू लागली. थोरल्याला वाटले पाणी जास्त झाले, मालकांना वाटले पाणी कमी पडले. मी खुरप्याने एक गड्डा उकरला, तर तो हातात अलगद आला. मुळे नव्हतीच. खाली मातीत विळ्यासारखी वाकलेली, तांबूस डोक्याची, जाड पांढरी अळी. हुमणी. एका गड्ड्याखाली चार सापडल्या. ऊसवाल्या मंडळींना मी हुमणीचे दुःख सांगायला नको. माघात काढणी झाली तेव्हा निम्मेही पीक हाती आले नाही. सोसायटीचे देणे राहिले, आणि धाकट्या लेकीला दिवाळीत जे द्यायचे कबूल केले होते ते राहिलेच.

कृषी सहायक येऊन गेले होते. त्यांनी आल्याकडे कमी आणि परड्याकडे जास्त पाहिले. उकिरड्यातली एक मूठ उचलून फोडली, वास घेतला आणि माझ्यापुढे धरली. म्हणाले, "मावशी, हे खत नाही. शेणच आहे अजून. ह्यातच अळ्या निघताहेत बघा." खरेच होत्या. वळवाचा पहिला पाऊस झाला की जमिनीतून भुंगेरे निघतात, कडुलिंब-बाभळीवर जमतात, आणि अंडी घालायला कच्च्या शेणखताची जागा त्यांना फार आवडते. म्हणजे शेजारच्या रानातून हुमणी आली असे मी चार बायकांत सांगत होते, ती आम्हीच ट्रॉली भरून नेली होती. आल्याच्या पैशापेक्षा हे मनाला जास्त लागले. शेण टाकणारे हात माझेच ना.

आता ह्यात चूक काय होती ते सांगते. उकिरड्यात आपण टाकत जातो, टाकत जातो. वरचे उन्हाने वाळते, त्यातले सत्त्व वाऱ्यावर जाते. खालचे दाबून बसते, त्याला हवा लागत नाही, म्हणून ते कुजण्याऐवजी आंबते. पावसाळ्यात पाणी साचले की उरलेसुरले गटारीला जाते. कुजवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांनाही आपल्यासारखे जेवण, पाणी आणि हवा लागते. त्यांच्या जेवणाचा हिशेब असा, की साधारण ३० भाग कर्बाला १ भाग नत्र हवे. कडबा, पाचट, तुरीच्या काड्या, कागद ह्यांत कर्ब फार आणि नत्र थोडे. शेण, मूत, हिरवा पाला ह्यांत नत्र जास्त. नुसते एक घातले तर भाकरीवाचून कालवण, नाहीतर कालवणावाचून भाकरी. दोन्ही थर नीट रचले, ओल पिळलेल्या फडक्याएवढी ठेवली आणि हवा खेळती राहिली, तर ढिगात पहिल्या काही दिवसांत ५५ ते ६५ अंशांपर्यंत उष्णता चढते. त्यात अळ्या, अंडी, तणाचे पुष्कळसे बी मरते.

हे ज्ञान काही परदेशातून आयते आलेले नाही. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ पर्यंत काम करत होते. त्यांनी आपल्याकडच्याच शेतकऱ्यांचा काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती घेऊन थराथरांचे ढीग रचले, तीन वेळा पलटले आणि तीन महिन्यांत खत तयार केले. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्डांच्या बरोबरीने यशवंत वाड ह्यांचेही नाव आहे. इंदूर पद्धत जगभर गेली. पण पलटणी म्हणजे कंबरडे मोडायचे काम, आणि माणूसबळ आता घराघरांत कमी. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे ह्यांनी त्यावर तोड काढली. भोके ठेवलेल्या विटांची टाकी, म्हणजे हवा आपोआप खेळते आणि पलटायला लागत नाही. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच तिला नाडेप टाकी म्हणतात.

थोरला म्हणाला, "आई, टाकीत पैसे घालण्यापेक्षा दोन ट्रॉल्या खत इकत घेऊ." मी म्हटले, इकत घेतलेले खत कुणाच्या उकिरड्यातले आहे ते तुला माहीत आहे का? पडक्या गोठ्याच्या विटा होत्याच. दिवाळीनंतर मातीत बांधकाम केले, फक्त वरचा थर सिमेंटात. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंत ९ इंची, आणि चारी बाजूंना ७-७ इंचांची भोके.

भरायची रीत अशी. टाकीला आतून शेणकाला शिंपडायचा. मग ६ इंच काडीकचरा, सुमारे १०० किलो. त्यावर सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात ४ किलो शेण कालवून सडा. त्यावर ५०-६० किलो चाळलेली कोरडी माती, आणि मातीवर थोडे पाणी. असे अकरा-बारा थर, काठाच्या वर दीड फुटापर्यंत, घराच्या छपरासारखे. शेवटी तीन इंच माती आणि वरून शेणाचे सारवण. भेग पडता कामा नये. सगळे एका दिवसात, फार तर दोन दिवसांत भरून झाले पाहिजे, म्हणून कचरा आधीच गोळा करून ठेवायचा. एका टाकीला शेण लागते ९० ते १०० किलो, म्हणजे आठ-दहा पाट्या. गोठ्यात आता एकच गाय उरलेल्या घरालाही हे परवडते. त्यातून अडीच-तीन टन खत निघते.

कचऱ्यात काय घातले? कोयत्याने तोडलेले पाचट, सोयाबीनचे भूस, कडब्याची बुंधे, झेंडूचे वाळलेले हार, शेवग्याचा पाला. पाचट एका एकरातून तीन-चार टन निघते आणि आमच्या शिवारात अजून त्याला काडी लावतात. संध्याकाळी धूर बघितला की आता मला जीव जळल्यासारखे वाटते. हरळी आणि लव्हाळा मात्र टाकीत घालू नका, ती मरत नाहीत. गाजर गवत फुलाआधीच उपटलेले असेल तर घाला.

आणि कागद घातला. वह्यांचे गठ्ठे, खोकी, पत्रके. इथे आमच्या हातून दुसरी चूक झाली, आणि ती शोधली चौथीतल्या नातीने.

टाकी भरायच्या दिवशी ती सारखी चिखलात येत होती. सूनबाईने तिला डेअरीच्या जुन्या बिलांचा गठ्ठा आणि पेन्सिल देऊन ओट्यावर बसवले. "मागच्या बाजूला चित्र काढ आणि गप बस." तिने टाकी काढली, भोके मोजून काढली, आबांना शेळीपेक्षा लहान काढले आणि मला मात्र मोठे. पुढच्या रविवारी पुन्हा काढले. तिला नादच लागला. कागदाची काय कमी? दर दहा दिवसांनी डेअरीचे बिल येते, लग्नाच्या पत्रिका येतात, आणि निवडणुकीची पत्रके तर एका बाजूने कोरीच असतात. तेवढाच त्यांचा उपयोग.

तिसऱ्या रविवारी तिने ढीग एका अंगाला खचलेला काढला. डावीकडे खाली, उजवीकडे तसाच उंच. सूनबाई म्हणाली, "वाकडं काढलंस. पट्टी घे." पोरगी म्हणाली, "मी नाय वाकडं काढलं, टाकीच वाकडी हाय." आम्ही हसलो. चौथ्या रविवारीही तेच. तेव्हा कुठे मी चारही कागद ओट्यावर ओळीने मांडले. डावी बाजू दर चित्रात खाली खाली जात होती, आणि उजवा कोपरा पहिल्या दिवशी होता तिथेच. टाकी नीट चालली तर पंधरा-वीस दिवसांत ढीग काठाच्या आठ-नऊ इंच खाली बसतो. मग तो पुन्हा भरून लिंपायचा असतो. आम्ही रोज तिच्यावरून जात होतो, रोज पाहत होतो, आणि कुणालाच दिसले नव्हते. रोज पाहिलेले दिसत नाही हेच खरे.

उजवा कोपरा उकरला. ठिबकच्या सामानाची खोकी थोरल्याने न फाडता आडवी अंथरली होती. वर पत्रकांचा आख्खा गठ्ठा, दोरीसकट. खोक्यांनी पाणी अडवले आणि खालचे पाचट ठणठणीत कोरडे राहिले. गठ्ठा सोडला तर आत उमेदवाराचा फोटो जसाच्या तसा, हसतमुख. मालक म्हणाले, "ह्याला काय झालं नाय, आपलंच पाचट वाळलं."

मग खोकी तळहाताएवढी फाडली, कागद चुरगळून शेणकाल्यात रात्रभर भिजवला आणि पाचट-पाल्यात मिसळून पुन्हा भरला. कागद सपाट अंथरायचा नाही, गठ्ठ्याने घालायचा नाही, आणि एकूण कचऱ्यात तो थोडाच असावा, कारण त्यात नत्र नसल्यासारखेच असते.

सगळाच कागद चालतो असेही नाही. वहीचा, वर्तमानपत्राचा, साध्या खोक्याचा चालतो. हे साप्ताहिकही चालेल, वाचून झाल्यावर. संपादकांनी रागावू नये. सोनेरी छापाच्या पत्रिका, चकचकीत रंगीत कागद, आतून प्लॅस्टिक लावलेले कप आणि खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या घालू नका. आणि एक नवीन वैरी आहे. दुकानातल्या, बँकेच्या मशीनमधून निघणारी गुळगुळीत चिठ्ठी. नखाने ओरखडली की काळी रेघ उठते ती. तिच्यावर रसायनाचा लेप असतो, त्यात बिस्फेनॉल नावाचे द्रव्य पुष्कळदा असते. ती ना मातीत घालावी, ना पोरांच्या हातात चित्र काढायला द्यावी.

पण मला विचाराल तर कागदाला टाकीत पाठवायची घाई करू नये. आधी त्याची मागची बाजू वापरावी. महात्मा गांधी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर आणि लिफाफे उलगडून त्यांवर लिहीत. आपल्या घरी वहीची निम्मी पाने कोरी असताना जूनमध्ये नवी वही येते. आम्ही ती पाने काढून दाभणाने शिवली. नातीच्या चार वह्या झाल्या.

छापील कागदावर चित्र कसे काढायचे असे शेजारणीने विचारले. गेरू पाण्यात कालवून त्यात थोडी तांदळाची पेज घालायची आणि कागदावर एक हात द्यायचा. वाळला की खालची छपाई झाकते. मग त्यावर तांदळाच्या पिठाने, बारीक काडीने काढायचे. ही युक्ती वारल्यांची, ते हे भिंतीवर करत आले. पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे ह्यांनी ती कला कागदा-कापडावर आणली. घरचे रंग आणखी किती तरी आहेत. हळद, कोळसा, जांभूळ, पळसाची फुले. अशा रंगाचा कागद पुढे टाकीत गेला तरी मातीचे काही बिघडत नाही.

दोन्ही बाजू भरल्या की त्याचाच नवा कागद करता येतो. हे सूनबाईचे काम. कागदाचे बारीक तुकडे रात्रभर भिजवायचे, सकाळी उखळात कुटायचे. मिक्सरमध्येही होते, पण पाणी भरपूर घाला, नाहीतर मिक्सर जळेल आणि मला बोल लागेल. लगदा घमेल्यातल्या पाण्यात ढवळायचा, बारीक जाळीची चौकट आडवी बुडवून अलगद वर घ्यायची. जाळीवर साय धरल्यासारखा थर बसतो. तो जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर पालथा घालून वर दुसरे फडके, वर पाटा. दाबून पाणी निघाले की सावलीत वाळवायचा. लगद्यात पेज घातली तर शाई पसरत नाही. वाळल्यावर गुळगुळीत गोट्याने घोटला की लिहायला आणखी चांगला होतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात पिढ्यान् पिढ्या हातकागद होत आला आणि पुण्यात १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. तिथे सुती चिंध्यांचा कागद बनतो, तो आपल्या घरगुती कागदापेक्षा पुष्कळ मजबूत. आमचा पहिला कागद पापडासारखा तडकला. दुसऱ्या खेपेला जमला. कागदाचा धागा असा पाच-सात वेळा वापरता येतो, दर वेळी तो आखूड होत जातो, आणि मग त्याची ताकद संपते. तेव्हा त्याला मातीत पाठवावा.

चैत्र संपता संपता टाकी फोडली. सांगायला हरकत नाही, माझा हात थरथरत होता. माती काळी, भुसभुशीत, वळवाच्या पहिल्या पावसाचा वास. शेण ओळखू येईना, पाचट ओळखू येईना, आणि अळी एकही नाही. खोक्यावरची एक चिकटपट्टी तेवढी सापडली. ज्या कोपऱ्यात चूक झाली होती तिथले खत थोडे जाडेभरडे निघाले, ते चाळून पुढच्या टाकीसाठी बाजूला ठेवले. तीन टनाला थोडे कमी भरले.

ते सगळे त्याच दहा गुंठ्यांत घातले आणि पुन्हा आलेच लावले. मालकांची तयारी नव्हती. "एकदा भाजलं ते पुरे," म्हणत होते. माती तपासून आणली होती, तिच्यात सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के निघाला. कागदावर शिक्का होता, कमी. तो आकडा बघून ते गप्प झाले. एका वर्षाच्या खताने तो काही उडी मारणार नाही, हे मलाही कळते.

खत चांगले कुजले म्हणून हुमणी येणारच नाही, असे मात्र कुणी समजू नका. भुंगेरे काही परवानगी विचारून येत नाहीत. वळवाचा पाऊस झाला त्या रात्रीपासून आठ दिवस आम्ही आणि वाडीतली सगळी पोरे कंदील-बॅटऱ्या घेऊन कडुलिंबाखाली जात होतो. फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. एका घराने करून भागत नाही, शिवारभर व्हावे लागते. वाडीतली सहा घरे आली, बाकीची आली नाहीत.

आता आषाढ आहे. आल्याला कोंब फुटून चांगली हिरवी पाने आली आहेत. भाद्रपदात एक एक वाफा उकरून बघायचा आहे. नातीने टाकीची सोळा चित्रे दाभणाने शिवून ठेवली आहेत आणि सूनबाई ती कुणाला हात लावू देत नाही. पहिला वाफा उकरू तेव्हा काढायचे म्हणून पोरीने स्वतः केलेला एक कागद फडताळात वेगळा ठेवला आहे. काल तिने मला विचारले, "आजी, हुमणी निघाली तर ती पण काढू का?" मी म्हटले, निघाली तर ती आधी काढ.